गाडीतला अँप्लिफायर तापतो? पंखा लावण्यापूर्वी कारण शोधा

टेंभी नाक्यावर कापडाचा धंदा करणाऱ्या माणसाने गाडीतल्या अँप्लिफायरवर लेख लिहावा, याचे वाचकांना नवल वाटेल. परंतु आज छोट्या व्यापाऱ्याची गाडी एकच असते. सकाळी तिच्यातून माल येतो, संध्याकाळी तीच गाडी घरच्यांना घेऊन नातेवाइकांकडे जाते. मुले तिच्यात हौसेने स्टिरिओ, स्पीकर आणि अँप्लिफायर बसवून घेतात. त्या हौसेतली एक चूक आमच्या मालाच्या आणि मुलाच्या जिवावर बेतता बेतता राहिली. तो अनुभव आणि त्यातून मिळालेला धडा व्यापारी व कारागीर बांधवांपुढे ठेवत आहे.

आमची गाडी आठवड्यातून दोनदा भिवंडीहून कापड आणते. अंजूर फाटा, काल्हेर, कशेळीचा पूल, बाळकुम आणि मग ठाणे शहर हा तिचा रस्ता. या रस्त्यावर गाड्यांची रांग कशी लागते हे रोज ये-जा करणाऱ्यांना सांगायला नको. मुलाने एका दुकानातून गाडीत अँप्लिफायर आणि बारा इंची सबवूफर बसवून घेतला. हिवाळाभर सर्व ठीक चालले. मे महिना आला आणि तक्रार सुरू झाली. रांगेत वीसेक मिनिटे झाली की आवाज बंद होई आणि अँप्लिफायरवर लाल दिवा लागे. पंधरा मिनिटांनी आवाज आपोआप परत येई.

मुलाने दुकानदाराला विचारले. त्याने सांगितले, "तापतोय, पंखा लावा." एक छोटा पंखा लावला. आठ दिवस बरे गेले. पुन्हा तेच. मग दुसरा पंखा लावला. एका दुपारी कशेळीजवळ गाडीत जळका वास येऊ लागला. मुलाने प्रसंगावधान राखून गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केले आणि मागची सीट उचलली. बॅटरीकडून येणाऱ्या वायरचे प्लॅस्टिक मऊ होऊन चटईला चिकटले होते. त्या चटईवर पॉलिएस्टर ड्रेस मटेरियलचे गठ्ठे रचलेले होते. पॉलिएस्टर जळते तेव्हा नुसते पेटत नाही, वितळून थेंब थेंब गळते आणि जिथे थेंब पडेल तिथे चिकटून आग पसरवते, हे आपल्या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. अल्लाहचे आभार की त्या दिवशी वासावरच भागले.

दुसऱ्या दिवशी आमच्या ओळखीतल्या एका जुन्या रेडिओ कारागिराला घरी बोलावले. सगळे त्यांना चाचा म्हणतात. चाचांनी दोन्ही पंखे पाहिले आणि म्हणाले, "शेठ, पोराला ताप आला म्हणून तुम्ही त्याला वारा घालत बसलात. ताप कशाने आला ते कोणी पाहिलेच नाही."

या लेखाचे सार त्या एका वाक्यात आहे. अँप्लिफायरचे तापणे हा मूळ रोग नाही, ती आतून आलेली खबर आहे. खबर दाबून टाकू नये, वाचावी.

उष्णता येते कुठून?

आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले. तिथे करंटला बर्की रौ आणि रेझिस्टन्सला मुजाहमत म्हणत. मराठीत तेच विद्युतधारा आणि रोध. जर्मनीच्या ओहम या शास्त्रज्ञाने 1827 साली यांचा संबंध मांडला: दाब कायम असेल तर रोध जितका कमी, तितका करंट जास्त. एवढा एक नियम लक्षात ठेवला तर पुढचे सर्व समजते.

अँप्लिफायर बॅटरीतून वीज घेतो, तिचा काही भाग स्पीकरला आवाजासाठी देतो आणि उरलेल्या भागाची उष्णता होते. जुन्या पद्धतीचे, म्हणजे क्लास एबी जातीचे अँप्लिफायर जोरात चालवले तरी घेतलेल्या विजेपैकी साधारण 50 ते 60 टक्केच स्पीकरला देतात. क्लास डी जातीचे 80 टक्के किंवा त्याहून अधिक देतात. तेव्हा क्लास एबीचा अँप्लिफायर गरम होणे यात काही वावगे नाही. पत्र्यावर हात ठेवला आणि तो सुखाने ठेवता येतो, तर काळजी नको. पाच सेकंदही हात टिकत नसेल तर पत्रा साधारण 60 अंशांच्या वर गेला असे समजा. आतल्या भागाचे तापमान 80-90 अंशांच्या आसपास पोहोचले की बहुतेक अँप्लिफायर स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतात. हे बंद होणे म्हणजे बिघाड नसून पहारेकऱ्याने मारलेली हाक आहे.

आता यात आपल्याकडचा उन्हाळा मिळवा. बंद गाडी उन्हात तासभर उभी राहिली तर आतली हवा बाहेरच्यापेक्षा 20 अंशांनी जास्त तापू शकते. बाहेर 36 असेल तर आत 55. अशा हवेत अँप्लिफायर गार होणार कसा? म्हणून हिवाळ्यात लपलेली चूक मे महिन्यात उघडी पडते.

पहिले काम: बंद कसा होतो ते पाहा

चाचांनी पेचकस हातात घेण्याआधी मुलाला प्रश्न विचारले. हीच खरी उस्तादी. ज्याला नीट प्रश्न विचारता येतात त्याचे निम्मे काम तिथेच होते.

काही वेळ चालून बंद होतो आणि थंड झाल्यावर आपोआप सुरू होतो, तर कारण उष्णता.

चालू करताक्षणी लाल दिवा लागतो, तर उष्णतेचा संबंध नाही. स्पीकरची वायर कुठेतरी पत्र्याला लागली आहे, किंवा अँप्लिफायरमध्येच बिघाड आहे.

ढोलाच्या ठेक्याबरोबर गाडीचे दिवे मंद होतात आणि आवाज तुटतो, तर वीज अपुरी पडते आहे.

आवाज पूर्ण बंद ठेवूनही पत्रा चटका देण्याइतका तापतो, तर आतला ट्रान्झिस्टर गेला आहे किंवा आतली जुळणी बिघडली आहे. तो अँप्लिफायर उघडणे हे जाणकाराचेच काम.

आमचा प्रकार पहिला होता, आणि त्यात तिसऱ्याचीही भर होती.

दुसरे काम: जागा

अँप्लिफायरच्या पत्र्याला उभ्या पट्ट्या असतात. त्यांना फिन म्हणतात. पट्ट्यांमधून हवा वाहावी आणि उष्णता घेऊन जावी म्हणून त्या केलेल्या असतात. आमचा अँप्लिफायर सीटखाली चटईत रुतवून बसवला होता आणि वर कापडाचे गठ्ठे. कापड हवा अडवून ऊब धरते. रजईचा धंदाच त्या गुणावर चालतो. मग अँप्लिफायरला रजईत गुंडाळून तो तापतो अशी तक्रार करण्यात काय अर्थ?

अँप्लिफायरच्या सर्व बाजूंना निदान चार-पाच सेंटिमीटर मोकळी जागा हवी. फिन उभ्या राहतील असा तो बसवता आला तर गरम हवा आपोआप वर निघून जाते. उलटा, म्हणजे फिन खाली करून टांगू नये, कारण उष्णता तिथेच कोंडते. सबवूफरच्या पेटीवरही बसवू नये. तिच्या हादऱ्यांनी आतले टाके सैल होतात. ज्या गाडीत माल भरला जातो तिथे अँप्लिफायरवर जाळीचे झाकण लावावे, म्हणजे गठ्ठा टेकला तरी हवेची वाट बंद होत नाही.

तिसरे काम: स्पीकरचे ओहम

आमच्याकडे तापण्याचे सर्वांत मोठे कारण इथे निघाले. स्पीकरवर 4 ओहम, 2 ओहम असे लिहिलेले असते. अँप्लिफायरच्या पुस्तिकेतही त्याला कमीत कमी किती ओहमचा भार चालतो ते दिलेले असते. दोन चॅनेल एकत्र जोडून, म्हणजे ब्रिज करून एकच सबवूफर चालवायचा असेल तर अनेक अँप्लिफायरना कमीत कमी 4 ओहम लागतात.

आमच्या सबवूफरमध्ये 4-4 ओहमच्या दोन कॉइल होत्या. त्या समांतर जोडल्या तर एकूण 2 ओहम होतात. एकापुढे एक, म्हणजे मालिकेत जोडल्या तर 8 ओहम. दुकानातल्या मुलाने जास्त दणका यावा म्हणून समांतर जोडून 2 ओहम केले आणि ब्रिजवर लावले. ब्रिजमध्ये प्रत्येक चॅनेलला अर्धाच भार दिसतो. म्हणजे प्रत्येक चॅनेल 1 ओहमवर राबत होता. जो हमाल एक गठ्ठा उचलू शकतो त्याच्या डोक्यावर दोन ठेवले. पहिल्या दिवशी तो नेतोही, पण रोज नेणार नाही.

हे तपासणे सोपे आहे. अँप्लिफायर बंद करा, स्पीकरच्या दोन्ही वायरी त्यातून काढा आणि मल्टिमीटर ओहमवर ठेवून त्या वायरींवर मोजा. 4 ओहमचा स्पीकर मीटरवर साधारण 3 ते 3.7 दाखवतो, 2 ओहमचा दोनाच्या खाली. आकडा पुस्तिकेतल्या मर्यादेपेक्षा स्पष्टपणे कमी असेल तर जोडणी बदला. त्याच वेळी एक टोक स्पीकरच्या वायरीला आणि दुसरे गाडीच्या उघड्या पत्र्याला लावून पाहा. तिथे काहीच जोड दिसता कामा नये. दिसला तर वायर कुठेतरी कापली गेली आहे.

चाचांनी आमच्या कॉइल मालिकेत जोडून 8 ओहम केले. मुलगा नाराज झाला. "चाचा, ताकद कमी होईल ना?" चाचा म्हणाले, "हिशेबाने वॅट चौथाई होतील, बेटा. पण कानाला आवाज चौथाई वाटणार नाही. आवाज दुप्पट वाटायला दहापट वॅट लागतात, तसेच हे उलटे." गाडी सुरू केल्यावर मुलाने स्वतः ऐकले आणि तो गप्प झाला.

चौथे काम: गेनचे बटण

अँप्लिफायरवर गेन नावाचा छोटा स्क्रू असतो. पुष्कळ जण त्याला आवाजाचे बटण समजून शेवटपर्यंत फिरवून ठेवतात. हा गैरसमज आहे. स्टिरिओकडून येणाऱ्या सिग्नलशी अँप्लिफायरचा मेळ घालणे हे गेनचे काम. तो जास्त ठेवला तर आवाज फाटतो. फाटलेल्या आवाजात अँप्लिफायर सतत टोकाला राबतो, त्याला दोन ठेक्यांमधली विश्रांती मिळत नाही. त्यामुळे तोही तापतो आणि स्पीकरची कॉइलही जळते. बेस बूस्टचे बटण पूर्ण फिरवणे म्हणजे याच आगीत तेल.

सोपी रीत अशी. स्टिरिओचे बेस आणि ट्रेबल मध्यावर ठेवा, अँप्लिफायरचा बेस बूस्ट शून्यावर आणि गेन अगदी कमी. ओळखीची स्वच्छ रेकॉर्डिंग लावून स्टिरिओचा आवाज तीन चतुर्थांश करा. मग गेन हळूहळू वाढवा. आवाज जिथे किंचित खरखरीत होईल तिथून थोडे मागे या आणि थांबा.

कारागिराने याहून पक्के मोजावे. स्पीकर काढून ठेवा आणि मोबाइलवरून 50 हर्ट्झचा सलग सूर वाजवा. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून अँप्लिफायरच्या स्पीकर टर्मिनलवर मोजा. किती व्होल्ट हवेत? खरे वॅट आणि ओहम यांचा गुणाकार करा आणि त्याचे वर्गमूळ काढा. 100 वॅट आणि 4 ओहम असतील तर गुणाकार 400, वर्गमूळ 20. मीटरवर 20 व्होल्ट आले की गेन तिथेच सोडा. दहा मिनिटांचे काम आहे, पण ते करणाऱ्याकडे गिऱ्हाईक परत येते.

पाचवे काम: वीज पोहोचते का?

बंद इंजिनात चांगल्या बॅटरीवर 12.6 व्होल्ट असतात आणि चालू इंजिनात साधारण 13.8 ते 14.4. गाडी रांगेत उभी राहिली की इंजिन मंद फिरते, आल्टरनेटर कमी वीज देतो, आणि त्यात एसी, पंखा व दिवे आपला वाटा घेतात. अनेक अँप्लिफायर व्होल्ट कमी मिळाले की तेवढ्याच कामासाठी जास्त करंट ओढतात. इतरांचा आवाज बसतो, मग ऐकणारा बटण वाढवतो आणि आवाज फाटतो. दोन्ही वाटा उष्णतेकडेच जातात. कशेळीच्या रांगेतच आमचा अँप्लिफायर का बंद पडे, याचे उत्तर निम्मे इथे आहे.

तपासणी अशी करावी. गाडी मोकळ्या हवेत उभी करून इंजिन चालू ठेवा. बंद गॅरेजमध्ये हे कधीही करू नका, इंजिनचा धूर जीव घेतो. आवाज नेहमीइतका मोठा ठेवा. आधी बॅटरीवर व्होल्ट मोजा, मग अँप्लिफायरच्या टर्मिनलवर. दोन्हींत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर वायर किंवा अर्थ दोषी आहे. आमच्याकडे बॅटरीवर 14.1 आणि अँप्लिफायरवर 12.4 आले. 1.7 व्होल्ट वाटेतच गायब. गायब म्हणजे वायरीची उष्णता झाली, जिने प्लॅस्टिक वितळवले.

मग अर्थ वेगळा मोजावा. मीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरे अँप्लिफायरच्या अर्थ टर्मिनलला. मोठ्या आवाजातही तिथे 0.1 व्होल्टच्या आसपासच यायला हवे. आमच्याकडे 0.6 आले. कारण अर्थची वायर रंग न खरवडता सरळ रंगावरच स्क्रूने आवळली होती. रंग वीज वाहून नेत नाही. ज्या जागी अर्थ द्यायचा तिथला रंग घासून पत्रा चकचकीत करावा, दाबून बसवलेली थिंबल लावावी, बोल्ट घट्ट करावा आणि वरून ग्रीस फासावे. नाहीतर खाडीकाठच्या आपल्या दमट हवेत एका पावसाळ्यात तिथे गंज आणि हिरवी बुरशी धरते. अर्थची वायर 45 सेंटिमीटरपेक्षा लांब नसावी आणि पॉझिटिव्ह वायरीइतकीच जाड असावी. सीट बेल्टच्या बोल्टला अर्थ कधीही जोडू नये. तो बोल्ट माणसाचा जीव वाचवण्यासाठी आहे.

वायर ओळखणे: कापडवाल्याला सोपे

वायरीची जाडी गेजमध्ये सांगतात आणि इथे नवखे फसतात. आकडा मोठा तर वायर बारीक. आपल्या सुताच्या काउंटसारखेच हे आहे. 80 काउंटचे सूत 40 पेक्षा बारीक, तशीच 8 गेजची वायर 4 गेजपेक्षा बारीक. काउंट म्हणजे एका पौंडात 840 यार्डांच्या किती लड्या बसतात तो आकडा. सूत जितके बारीक तितक्या लड्या जास्त. गेजचा आकडाही असाच आला. तार साच्यातून जितक्या जास्त वेळा ओढली तितकी ती बारीक झाली आणि आकडा वाढला.

जाडीने किती फरक पडतो त्याचा हिशेब करू. अँप्लिफायर 30 अँपिअर ओढतो आणि वायर 5 मीटर लांब आहे. तांब्याची 2.5 चौरस मिलिमीटर वायर असेल तर तिच्यातच सुमारे 1 व्होल्ट जातो आणि 30 वॅट उष्णता होते. 4 गेजची, म्हणजे सुमारे 21 चौरस मिलिमीटर वायर असेल तर एक अष्टमांश व्होल्टही जात नाही आणि उष्णता 4 वॅटच्या आत राहते. तीच गाडी, तोच अँप्लिफायर, फरक फक्त वायरीचा.

यात भेसळीचा भाग वेगळाच. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर मिळते. जाड प्लॅस्टिकमुळे ती भरदार दिसते. तेवढ्याच जाडीच्या तांब्यापेक्षा तिचा रोध जवळजवळ दीडपट असतो. अशी वायर विकणे हा गुन्हा नव्हे, तांब्याची म्हणून विकणे हा गुन्हा. वापरायचीच असेल तर एक-दोन पायऱ्या जाड घ्यावी.

कापड सुती आहे की पॉलिएस्टर हे आपण एक धागा जाळून ओळखतो. सुती कागदासारखे जळते आणि मऊ राख राहते, पॉलिएस्टरची कडक गोळी होते. वायरीचीही अशीच परीक्षा आहे. एक तार ब्लेडने खरवडा. आत पांढरी चमक दिसली तर अ‍ॅल्युमिनियम, आत लालच राहिली तर तांबे. उलट, बाहेरून पांढरी आणि आतून लाल दिसली तर ते कथिलाचा मुलामा दिलेले तांबे आहे. ते चांगलेच, दमट हवेत अधिक टिकते. वजनानेही कळते. तांबे अ‍ॅल्युमिनियमच्या तिप्पटीहून जड असते.

फ्यूज: जी गोष्ट नव्हतीच

आमच्या गाडीतली सर्वांत धोक्याची चूक वेगळीच होती. बॅटरीजवळ फ्यूजच लावलेला नव्हता. अँप्लिफायरचे स्वतःचे फ्यूज त्याच्या अंगात असतात, पण ते बॅटरीपासून येणाऱ्या पाच मीटर वायरीला वाचवत नाहीत. ती वायर कुठे पत्र्यावर घासून उघडी पडली तर बॅटरीची सगळी ताकद त्या एका जागी उतरते. तिथे अँपिअर शेकड्यांत जातात आणि वायर विस्तवासारखी लाल होते.

म्हणून बॅटरीपासून 45 सेंटिमीटरच्या आत फ्यूज लावलाच पाहिजे. त्याचा आकडा वायरीला झेपेल इतकाच असावा: तांब्याच्या 8 गेजला साधारण 40 ते 50 अँपिअर, 4 गेजला 80 ते 100. फ्यूज वारंवार उडतो म्हणून मोठा फ्यूज किंवा तार लावणे म्हणजे रात्री भुंकतो म्हणून राखणीचा कुत्रा हाकलून देणे. इंजिनकडून गाडीत वायर येते त्या पत्र्याच्या भोकात रबराचा ग्रोमेट बसवावा. आणि कोणतेही काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवावे.

खोक्यावरचे वॅट आणि खरे वॅट

आमच्या अँप्लिफायरच्या खोक्यावर 1200 वॅट छापलेले होते. चाचांनी त्याचे फ्यूज पाहिले, 15 अँपिअरचे दोन. ते म्हणाले, "खोके काहीही बोलते. फ्यूज खोटे बोलत नाही." हिशेब असा: 30 अँपिअर गुणिले 14 व्होल्ट म्हणजे 420 वॅट आत येणार. क्लास एबीमध्ये त्यातले 50-60 टक्के बाहेर जातील, म्हणजे फार तर 250. पूर्ण जोरात बाकीच्या 170 वॅटची उष्णता होणार, म्हणजे 60 वॅटच्या जवळजवळ तीन बल्बांइतकी, तीही सीटखाली. क्लास डी असता तर 330-340 वॅट बाहेर गेले असते. खरेदी करताना खोक्यावरचा मोठा आकडा न पाहता आरएमएस हा शब्द शोधावा आणि फ्यूजवरून ताळा करावा.

1200 म्हणून विकायचे आणि 250 द्यायचे, हे मीटरमध्ये दहा सेंटिमीटर कमी मोजण्यापेक्षा वेगळे नाही. नापतोल पुरी ठेवण्याची ताकीद आपल्याला नवी नाही. ती केवळ तराजू आणि गजाला लागू आहे आणि वॅट, गेज व अँपिअरला नाही, असे कोणी समजू नये.

पंख्याची पाळी शेवटी

जागा मोकळी, ओहम बरोबर, गेन योग्य, वायर जाड, अर्थ चकचकीत. एवढे सर्व करूनही उन्हाळ्यात अँप्लिफायर तापत असेल तर पंखा जरूर लावा. तो फिनच्या रेषेत हवा ढकलेल असा लावावा आणि हवा जायला दुसरीकडे वाट ठेवावी. कोंडलेल्या जागेतला पंखा तीच गरम हवा घुसळत राहतो. वर्षातून एकदा फिनमधली धूळ ब्रशने काढा. कापडाच्या गाडीत सुताचा भुगा उडतो, तो फिनमध्ये नमद्यासारखा बसतो.

आमच्याकडे नवा अँप्लिफायर लागला नाही. 4 गेजची तांब्याची वायर, एक फ्यूज, दोन थिंबल, एक रबर आणि चाचांची अर्ध्या दिवसाची मजुरी, एवढ्यावर भागले. त्यानंतर मोजले तेव्हा बॅटरी आणि अँप्लिफायर यांच्यात 0.3 व्होल्टचाच फरक आला. दोन्ही पंखे काढून टाकले. पुढच्या मे महिन्यात त्याच रांगेत, त्याच दुपारी अँप्लिफायर कोमट राहिला.

कारागीर बांधवांना दोन शब्द

ठाणे, भिवंडी, कल्याण, मुंब्रा इथे आपली किती तरी मुले गाडीच्या विजेचे काम शिकतात. बहुतेकांचा उस्ताद घाईत असतो आणि शागिर्द बघून बघून शिकतो. बघून हात शिकतो, कारण शिकत नाही. ज्याच्याकडे मल्टिमीटर आहे आणि जो त्याचा आकडा वाचू शकतो, तो अंदाजाने काम करणाऱ्याच्या पुढे जाणारच.

बिल देताना वायर कोणत्या गेजची आणि कोणत्या धातूची, फ्यूज किती अँपिअरचा, स्पीकरचा भार किती ओहम, हे चार आकडे लिहून द्यावेत. गिऱ्हाइकाला ते समजणार नाहीत कदाचित, पण आपण मोजून काम केले एवढे त्याला नक्की समजेल. आणि गिऱ्हाईक जेव्हा म्हणेल, "फ्यूज राहू द्या, तेवढे पैसे कमी करा," तेव्हा सरळ सांगावे, "मजुरी कमी करतो, पण फ्यूज सोडणार नाही."

आमच्या गाडीत ज्याने काम केले तो काही वाईट माणूस नव्हता. त्याला कोणी शिकवले नव्हते आणि त्याने कोणाला विचारले नव्हते. आता चाचांकडे आमचा मुलगा रविवारी जाऊन बसतो. धंदा कापडाचाच करील, पण मीटर त्याच्या खिशात असतो.